पप्पांच्या मेंदूतला फुगा

उमेळे गावातल्या आमच्या घरी पप्पा चहा ओतत होते आणि चहा कपाच्या बाहेरच पडत होता. मग त्यांनी एक डोळा मिटला आणि नीट ओतला. आईने ते पाहिलं. कधीपासून असं होतंय, असं तिने विचारलं, तर म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तिने लगेच मला फोन केला. मी बोळिंजला राहते. रजा टाकून गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पप्पांची खाली आलेली पापणी बघितली आणि चष्म्याचं नावही न काढता मेंदूच्या तपासणीला पाठवलं. मेंदूच्या मागच्या बाजूच्या धमनीला फुगा आला होता. डोळा हलवणाऱ्या नसेवर त्याचा दाब पडत होता, म्हणून पप्पांना एकाचे दोन दिसत होते. अशा जागी फुगा क्वचितच सापडतो, असं मुंबईच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. फुटला तर जिवावर बेतेल. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर न्यायची आणि धमनीत आतून जाळी बसवायची, म्हणजे रक्त फुग्यात न शिरता सरळ पुढे जातं. धोका त्यातही होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

"डोकं उघडणार नाही ना?" पप्पांनी विचारलं. "मग करा."

त्यांना आत नेल्यावर आई रोजरीचे मणी ओढत बसली. मला तेही सुचत नव्हतं. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा आईला उठवेना, मीच पुढे झाले. जाळी नीट बसली होती. आम्हाला आत सोडलं, तर पप्पांनी जड जिभेने विचारलं, "वाडीतल्या केळींना पाणी कोणी सोडलं?"

तेव्हा कुठे आई रडली.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, जखम झाली तर रक्त लवकर थांबणार नाही, म्हणून आईने कोयता ताब्यात घेतला. पप्पा बरेच दिवस घुश्शात होते. पापणी मात्र हळूहळू वर आली, दोन-दोन दिसणंही गेलं. पुढच्या तपासणीत फुगा बंद झालेला दिसला.

आता रविवारी मिस्साची प्रार्थना झाली की पप्पा चर्चच्या आवारात लोकांना सगळी हकिगत सांगतात. दर खेपेला ती नळी थोडी लांब होते आणि डॉक्टरबाई थोड्या जास्त घाबरलेल्या असतात. मी एकदा त्यांना टोकणार होते, पण आईने माझा हात धरला.

"सांगू दे गं," ती म्हणाली. "घरी जायची काय घाई आहे?"