चौसष्ट कोअर, सोळा कोअर आणि वैजनाथ सरांचं टेबल

"चौसष्टवालाच घ्यायचा. सोळा म्हंजे काय? आपण काय भिकेला लागलोय व्हय?"

आप्पा, म्हणजे आमचे मालक, कमरेवर हात ठेवून उभे होते. समोर टेबलावर डीलरने दोन दिवसांच्या ट्रायलला दिलेले दोन नवे कम्प्युटर. चौसष्टवाल्याच्या पेटीत रंगीबेरंगी दिवे लुकलुकत होते. गणपतीचा मंडप वाटावा इतके. आप्पा अर्धे तिथेच पटले होते.

आमची कंपनी कुरुळीच्या पुढे आहे. आम्ही मोल्ड बनवतो. मोल्ड म्हणजे साचा, ज्यात गाडीचे बम्पर आणि डॅशबोर्ड ओततात ते पोलादी धूड. धूड बनण्याआधी ते कम्प्युटरवर काढावं लागतं. त्यासाठी चार डिझायनर आहेत. आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी एकटी. प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही मीच काढते.

आता हे चौसष्ट-सोळा प्रकरण. प्रोसेसरच्या आत काम करणारे गडी असतात, त्यांना कोअर म्हणतात. एका मशीनमध्ये चौसष्ट गडी होते, दुसऱ्यात सोळा. पण सोळातला प्रत्येक गडी चौसष्टमधल्या गड्यापेक्षा चपळ होता. आणि चौसष्टवाल्या एका मशीनच्या किमतीत सोळावाली चार आली असती.

डीलरचा माणूस गळ्यात आयकार्ड आणि तोंडात 'बीस्ट' हा शब्द घेऊन आला होता. त्याने बेंचमार्क लावला. बेंचमार्क म्हणजे प्रोसेसरची परीक्षा. इथे पेपर काढणारा आणि माल विकणारा एकच होता. स्क्रीनवर एका चकचकीत हॉलचं चित्र रंगू लागलं. सोफे, झुंबर, काचेचं टेबल. चौसष्टवाल्याने आप्पांचा चहा संपायच्या आत चित्र उरकलं. सोळावाला अजून झुंबरापाशीच होता.

"सर, बीस्ट है ये," माणूस म्हणाला.

"आप्पा, आपण सोफे बनवतो का?" मी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या महिन्यात बहुतेक प्रिंटरसुद्धा माझ्याकडे राहणार नव्हता.

"तुमच्या बैलगाड्याला शर्यतीच्या घाटात किती बैल जुंपता?" मी तरीही विचारलं.

"चार."

"चौसष्ट जुंपले तर?"

"आवं ताई, मावतील का त्ये घाटात!" आप्पा म्हणाले आणि स्वतःच हसले. "बरं. तुमच्या पद्धतीनं बघा. पण उद्या दुपारपर्यंत. आन् पहिली मशीन वैजनाथच्या टेबलावर लागंल. तरीबी त्याचं काम हललं न्हाई, तर त्यानं दुसरी कंपनी बघावी. महिना संपायच्या आत."

वैजनाथ सर हे आमचे सगळ्यात जुने डिझायनर. मूळचे परळीकडचे. मोल्ड काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण वर्षभरापासून त्यांची ड्रॉइंग उशिरा येत होती. वय झालं, नवं सॉफ्टवेअर झेपत नाही, असं ऑफिसात बोललं जायचं. त्यांच्यासमोर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या खऱ्या बम्पर मोल्डची फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि दोन्ही मशीनवर टाकली. वैजनाथ सरांना म्हटलं, "रोज जे करता तेच करा."

त्यांनी एका रिबची जाडी बदलली. रिब म्हणजे प्लास्टिकला मागून आधार देणारी पट्टी. ती बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली शेकडो वळणं कम्प्युटरला एकामागोमाग एक पुन्हा काढावी लागतात. पहिलं झाल्याशिवाय दुसरं सुरू करता येत नाही. त्यामुळे गडी कितीही ठेवा, राबतो एकच.

सोळावाल्याने पन्नास सेकंद घेतले. चौसष्टवाल्याने सव्वा मिनिट. मी स्क्रीनवर सगळ्या गड्यांची हजेरी उघडून दाखवली. एक घामाघूम, त्रेसष्ट निवांत.

"आसं व्हय," आप्पा म्हणाले. "म्हंजे आपल्या क्वालिटी डिपार्टमेंटसारखं."

क्वालिटीचे मॅनेजर शेजारीच उभे होते. त्यांनी मोबाईल काढला.

खरं सांगायचं तर एका कामात चौसष्टवाला जिंकला, आणि चांगल्या फरकाने. वितळलेलं प्लास्टिक साच्यात कसं पसरेल याचं गणित त्याने निम्म्याहून कमी वेळात केलं. पण ते काम आमच्याकडे महिन्यातून एखाद्या वेळी येतं. तेवढ्यासाठी त्याला पाळणं परवडणारं नव्हतं. आप्पांनी मान हलवली. मी मनातल्या मनात हार-तुरे स्वीकारत होते.

तेवढ्यात वैजनाथ सर म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? तुम्ही फाईल पेनड्राइव्हवरून उघडली. मला तर सर्व्हरवरून घ्यावी लागते बघा."

सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाईली जिथे एकत्र राहतात तो कम्प्युटर. मी म्हटलं, त्यात काय, बघू. सोळावाला उचलून त्यांच्या टेबलावर लावला. त्यांचं टेबल शेवटच्या कोपऱ्यात, टूलरूमच्या भिंतीला लागून. फाईलवर क्लिक केलं.

एक मिनिट. तीन मिनिटं. आप्पा खुर्ची ओढून बसले. नऊ मिनिटांनी फाईल उघडली.

"माझ्या जुन्या मशीनवर पण इतकाच वेळ लागतो," वैजनाथ सर शांतपणे म्हणाले.

डीलरचा माणूस म्हणाला, "मॅडम, मग चौसष्टवाला लावून बघूया?" त्याच्या आशावादाला सलाम. लावून बघितला. नऊ मिनिटं.

मी वैजनाथ सरांचा जुना कम्प्युटर उचलून दुसऱ्या डिझायनरच्या केबलला जोडला. दीड मिनिटात फाईल उघडली.

म्हणजे खोट कम्प्युटरमध्ये नव्हती, वायरमध्ये होती. मी वैजनाथ सरांच्या टेबलाखाली शिरले आणि केबल धरून निघाले. ती भिंतीतल्या भोकातून टूलरूममध्ये गेली होती, जिथे ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं असतं तसला काळा माल, कापतात. एका कपाटावर काळ्या भुकटीच्या थराखाली एक स्विच सापडला. स्विच म्हणजे अनेक कम्प्युटरच्या केबल एकत्र जोडणारा डबा. इतका जुना, की आताच्या साध्या स्विचच्या दहाव्या हिश्शाच्या वेगाने चालणारा. वर्षभरापूर्वी ऑफिसची मांडणी बदलली, तेव्हा वैजनाथ सरांचं टेबल कोपऱ्यात गेलं आणि कोणीतरी जवळचा डबा बघून वायर खुपसली.

कोणीतरी म्हणजे मीच. डब्यावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती: 'तात्पुरतं'.

मी बाहेर आले. हात, नाक, ओढणी, सगळं काळं. आप्पांना सगळं सांगितलं. चिठ्ठीसकट. न सांगून चाललं असतं, पण मग वैजनाथ सरांकडे रोज बघणं मला जमलं नसतं.

आप्पा स्वतः टूलरूममध्ये जाऊन चिठ्ठी वाचून आले. मग म्हणाले, "ह्या डब्याला कोअर किती?"

"एकही नाही, आप्पा."

"आन् किंमत?"

मी सांगितली. आप्पांनी डीलरच्या माणसाकडे पाहिलं. तो दिव्यांची पेटी गुंडाळायला लागला होता.

नवा स्विच त्याच दिवशी संध्याकाळी लागला. डिझायनरांसाठी सोळावाली चार मशीन आली. पुढचा बम्पर मोल्ड वैजनाथ सरांनी ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधी दिला. आप्पांनी त्यांची माफी मागितली नाही. दुसरी कंपनी बघण्याचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

माफी मी मागितली. कॅन्टीनमध्ये, ताट घेऊन त्यांच्यासमोर बसून. वर्षभरात त्यांनी तीनदा लेखी तक्रार केली होती. मी तिन्ही वेळा एकच उत्तर पाठवलं होतं: 'कृपया रिस्टार्ट करा.'

"करून बघितलं होतं मी," ते भाकरी मोडत म्हणाले. "तिन्ही वेळेस."

आता कोणी नवा प्रोसेसर मागितला की मी आधी कोटेशन मागवत नाही. त्या माणसाच्या खुर्चीत अर्धा तास बसते, त्याचंच काम उघडून. आणि उठण्याआधी टेबलाखाली वाकून बघते.