खिशातले तीन फ्यूज

धनश्रीच्या यादीत सत्तेचाळीस चुका होत्या. त्यातल्या शेहेचाळिसांची तिला भीती वाटत नव्हती.

कारेगावात एका गॅरेजच्या माडीवर तिची कंपनी होती. शेतातली मोटार फोनवरून चालू-बंद करायचं ॲप तिथं बनत होतं. चुका शोधणं हे धनश्रीचं काम. सोमवारी ॲप बाहेर पडणार होतं, पण तिच्या सहीशिवाय नाही. कुठं अक्षर कापलं जातं, कुठं रंग चुकतो; सगळं निस्तरत बसलं तर ॲप जन्मात बाहेर पडायचं नाही, हे तिलाही पटलेलं. सत्तेचाळिसावी मात्र वेगळी होती. मोटार कधीतरी आपोआप चालू होते.

ती पहिल्यांदा सांगितली मल्हारीआबांनी. मांडवगण फराट्यात तिच्या घराला लागूनच त्यांचा मळा, म्हणून ॲपचा हुकूम घेणारं तपासणीचं यंत्र त्यांच्याच विहिरीवर बसवलेलं. रोज सव्वाअकराला आबा ॲपवरचं बटण दाबून मोटार चालू करायचे आणि तिला फोन करायचे, "पोरी, तुझं भूत जागं झालं गं!" पण विहिरीत उतरायचं असलं की मोटारीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज उपसून बंडीच्या खिशात टाकायचे.

"आबा, ॲपवर बंद दिसतंय की," ती हसायची.

"दिसू दे. ह्ये माझ्या खिशात हायेत."

मोटार न सांगता सुरू झाली, असं आबांनी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा धनश्रीनं तपासलं, काहीच घडलं नाही. 'पुन्हा घडत नाही' असं लिहून तिनं ती चूक मिटवली.

मग आबा झोपेतच गेले. दहाव्याला ऊन डोक्यावर आलं तरी कावळा शिवेना. सव्वाअकराला धनश्रीचा आणि आबांच्या मुलाचा, ईश्वरचा फोन एकदमच वाजला: 'मोटार चालू. पाठवणारे: मल्हारी.' आबांचा फोन तर त्यांच्या बायकोनं, अनसाबाईंनी, बंद करून ट्रंकेत ठेवलेला.

"पाणी सोडत्यात गं बया," अनसाबाई पुटपुटल्या. तेवढ्यात कावळा शिवला.

मालक रोहिदासला हे सांगितलं, तर तो हसला. "जुना हुकूम सर्व्हरवर अडकला असंल. हुकमांची रांग रिकामी कर, मिटलं. बाकी पुढच्या महिन्यात बघू."

"तोवर कोणी विहिरीत उतरलं तर?"

"ॲप बघूनच उतरंल की!"

"त्याचंच तर भ्या वाटतंय," धनश्री म्हणाली.

शनिवारी सकाळी घरूनच तिनं रांग रिकामी केली. दोनदा मोजली. शून्य. मग सहज ईश्वरला फोन लावला.

"मोटारीच्या जाळीत शेवाळ गुतलंय. उतरतोय आता."

"फ्यूज काढलेस?"

"कशाला? तुझं ॲप बंद दावतंय की, धने. त्ये आबांच्या टायमाचं झालं."

फोन बंद झाला. धनश्री अनवाणीच बांधावरून पळत सुटली. घड्याळात अकरा वाजून तेरा मिनिटं झाली होती. विहिरीवर पोचली तेव्हा ईश्वर कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, हात कोपरापर्यंत जाळीत. तिनं पेटी उघडून तिन्ही फ्यूज उपसले.

यंत्र स्वतःच्या बॅटरीवर खट् करून वाजलं. हातातला फोन थरथरला.

'मोटार चालू. पाठवणारे: मल्हारी.'

पाणी हललं नाही.

"धने, काय वाजलं गं?" खालून आवाज आला.

"काय न्हाई. हात काढ आन् वर ये. आत्ताच्या आत्ता."

तो वर येईपर्यंत ती कठड्याला टेकून बसली. यादी उघडून तिनं 'पुन्हा घडत नाही' पुसलं आणि लिहिलं, 'घडतं.' सहीच्या जागी लिहिलं, 'नाही.' रोहिदासचा फोन लगेच आला. तिनं तो वाजू दिला.

"दे की फ्यूज," ईश्वर म्हणाला.

"राहू देत."

मोटार सकाळपासून बंद होती, पेटी सावलीत होती. तरी तिच्या मुठीतले ते चिनी मातीचे फ्यूज ऊबदार लागत होते, नुकतेच कुणाच्या तरी खिशातून काढल्यासारखे.