जीवतंत्राचं सप्रयोग व्याख्यान

बायोटेक्नॉलॉजी हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो धारवाडच्या वाचनालयात, विलायतेच्या एका जुन्या मासिकात. मी तेव्हा मुलींच्या शाळेत सृष्टिविज्ञान शिकवत होते. पहिली मोठी लढाई संपल्यावर हंगेरीतल्या एका शेतकी इंजिनिअरनं तो शब्द घडवला होता. कच्चा माल आपण द्यायचा आणि त्याचा पक्का माल करायचं काम जिवंत प्राण्यांकडून, जंतूंकडून करून घ्यायचं, असा त्याचा अर्थ. गृहस्थानं डुकरं पाळण्याचा मोठा कारखानाच काढला होता. त्याच्या लेखी डुक्कर म्हणजे बीट खाऊन मांस तयार करणारं यंत्र!

घरी येऊन मी हे अण्णाला सांगितलं. अण्णा माझा थोरला भाऊ, वकील आणि वाचनालयाचा चिटणीस. व्याख्याते शोधून तो टेकीला आला होता.

"तूच बोल की ह्याच्यावर," तो म्हणाला. "पण नाव मराठीत दे. हे असलं नाव लावलं तर कुत्रं फिरकायचं नाही."

"बायो म्हणजे जीव. टेक्नॉलॉजी म्हणजे कसबाचं शास्त्र, तंत्र. जीवतंत्र म्हण."

अण्णानं लगेच दाराबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं : 'नवे जीवतंत्र. सप्रयोग व्याख्यान. स्त्रियांची बसण्याची सोय निराळी.' प्रयोग म्हणजे शाळेतलं सूक्ष्मदर्शक यंत्र आणि काचेच्या पट्टीवर थेंबभर दही.

रविवारी पाय ठेवायला जागा उरली नाही. अण्णा दारात उभा राहून मिशीत हसत होता. मीही फुशारले. बायकांच्या बाजूला कुणाच्या हातात लिंबू, कुणाच्या हातात काळा दोरा दिसत होता, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. एवढ्यात जुन्या हुबळीहून आलेल्या, पुढेच बसलेल्या एका आजीबाईंनी विचारलं, "बाई, नारळ आधी फोडायचा का नंतर?"

तंत्र म्हटल्यावर लोकांनी मंत्रही गृहीत धरला होता!

आता माघार कशी घ्यायची? मी बोलायला सुरुवात केली. डुकराचं नाव निघताच पुरुषांतले दोघेतिघे सोवळे गृहस्थ उपरणं झटकून उठले. अण्णा खाकरला. मी घाईघाईनं डुकराच्या जागी म्हैस आणली. म्हैस वैरण खाते, दूध देते...

"म्हशीचं राहू द्या," आजीबाई उठून म्हणाल्या. "माझ्या सुनेचं बघा. ही आल्यापासून घरात दही लागत नाही. हिच्या हाताला बाधा आहे. उतरवून द्या."

शेजारी त्यांची सून मान खाली घालून बसली होती. सतरा-अठराची असेल. सगळी सभा तिच्याकडे बघायला लागली. मला राग आला.

"विरजण घालतेस तेव्हा दूध कसं असतं गं?" मी तिला विचारलं.

"चटका बसतो एवढं गरम," ती पुटपुटली.

"कोमट का होऊ देत नाहीस?"

तिनं हळूच सासूकडे पाहिलं.

"मीच सांगते तसं," आजीबाई म्हणाल्या. "दूध निवलं की मांजर तोंड घालतं की!"

"मग बाधा मांजराची आहे, हिची नाही," मी म्हणाले. सभा खदखदून हसली. "विरजणात बारीक जीव असतात. दुधाचं दही तेच करतात. कढत दुधात ते शिजून मरतात."

आजीबाईंचा चेहरा उतरला. "अय्यो! दह्यात जीव? मी एकादशीला खाते की हो!"

मग अण्णाला मध्ये पडून त्यांची समजूत घालावी लागली. त्यांनी यंत्राला डोळा लावला आणि काही दिसत नाही असा निकाल दिला. सून मात्र वाकली ती उठेचना. "किती आहेत! आत्ते, बघा तरी!" म्हणत ती सासूशी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

धारवाडच्या बाईंनी बाधा काढली, असं आजीबाईंनी पुढे गल्लीभर सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस बायका माझ्याकडे न फुगणारं इडलीचं पीठ आणि बुरशी आलेलं लोणचं घेऊन येत. माझा शब्द काही रुजला नाही. त्या सभेला सगळे 'दह्याचं व्याख्यान' म्हणत.

सून मला एकदा हुबळीच्या बाजारात भेटली.

"आता लागतं का दही?"

"लागतं की, अक्का. रोज लागतं," ती हसली. "आता सासूबाई म्हणतात, फार आंबट होतं."