राघूतात्यांचं मिलिटरीचं घड्याळ

राजुरीचे राघूतात्या फौजेतून नाईक म्हणून निवृत्त होऊन आले, तेव्हा गावाला त्यांच्यापेक्षा त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचं अप्रूप जास्त होतं. काळ्या पट्ट्याचं, जाडजूड, आणि मागच्या बाजूला कुठल्याशा परदेशी फौजेचा नंबर कोरलेला. तात्या लेबनॉनला शांतिसेनेत असताना शेजारच्या तळावरच्या एका गोऱ्या सार्जंटाने ते दिलं होतं. तिकडे डोंगरात थंडी कडाक्याची. तात्यांनी घरच्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं सोबत नेलं होतं, त्यावर सार्जंटाचा जीव जडला. निरोपाच्या दिवशी घोंगडं त्याच्या खांद्यावर गेलं आणि त्याचं घड्याळ तात्यांच्या हातात आलं.

घड्याळाच्या काट्यांवर आणि आकड्यांजवळ तांदळाच्या कणीएवढ्या काचेच्या नळ्या होत्या. त्यांत ट्रिटियम नावाचा वायू, आणि त्याच्या जोरावर नळ्या अंधारात हिरव्या उजळायच्या. उन्हात धरायला नको, बटण दाबायला नको. सार्जंटाने आणखीही काही सांगितलं होतं, पण इंग्रजीत. तात्यांना एवढंच कळलं. गाव त्याला रेडियमचं घड्याळ म्हणायचं आणि तात्या प्रत्येकाला दुरुस्त करायचे, "रेडियम न्हाई राव, ट्रिटियम. मिलिटरीचं हाय."

घड्याळाचा खरा उपयोग मात्र त्यांच्या बायकोने, गजराबाईंनी केला. गाईंच्या धारा काढायला पहाटे उठायचं, म्हणून झोपलेल्या तात्यांचा हात उचलून त्या वेळ बघायच्या आणि हात पुन्हा अलगद गोधडीवर ठेवायच्या. तात्यांना जाग येत नाही असं त्यांना वाटे. तात्या जागेच असत. ती हात उचलेपर्यंत डोळे मिटून पडून राहायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम होता.

मागच्या वर्षी काटे धूसर दिसू लागले. वय झालं, असं दोघांनीही मनात म्हटलं आणि एकमेकांना सांगितलं नाही. मग एका पहाटे गजराबाईंनी हात उचलला तो बराच वेळ खाली ठेवलाच नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "अवं, किती वाजलं?" तात्यांनी डोळे उघडले. मनगटावर नुसता काळोख होता. त्यांनी अंदाजाने साडेचार सांगून टाकलं.

तेव्हापासून हात उचलणं बंद झालं. गजराबाई विचारायच्या, तात्या अंदाज ठोकायचे. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असे; तो उशाशी आणायचा म्हणजे डोळे गेले हे कबूल करायचं. एकदा त्यांच्या अंदाजावर उठून गजराबाई डेअरीवर गेल्या, तर दाराला कुलूप. दुधाची किटली घेऊन पायरीवर बसून राहिल्या आणि घरी येऊन चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या आईची दृष्टी काचबिंदूने गेली होती. आता आपली पाळी, असं त्यांनी धरलंच होतं.

तात्यांनी तर ते स्वतः चालवत त्या मालाच्या टेम्पोची चावी मुलाच्या, गोरखच्या हातात दिली. पाठ दुखते असं सांगितलं. ज्याला अंधारात काटा दिसत नाही त्याने पहाटे लोकांचा माल घेऊन रस्त्यावर निघू नये, हे त्यांच्या फौजी मनाने ठरवलं होतं. आणि बायको हात उचलत नाही म्हणजे आपल्यावर रुसली आहे, हे दुःख वेगळंच.

एका सोमवारी तात्या बेल्ह्याच्या बाजारात मेंढा बघायला जातो म्हणून निघाले आणि एसटीने आळेफाट्याला उतरले. तिथे डोळे तपासायचं शिबिर होतं. रांगेतल्या बाकावर बसायला गेले, तर शेजारी गजराबाई. त्या पिंपळवंडीला बहिणीकडे, अंजनाकडे जाते म्हणून निघाल्या होत्या.

"तुमी बाजारात व्हतात ना?" गजराबाई म्हणाल्या.

"आन तू अंजनाकडं."

मग गजराबाईंनीच खरं सांगून टाकलं. "मला तुमचं घड्याळ दिसंना झालंय. आयचं झालं तसं व्हईल म्हून बोलले न्हाई."

तात्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "मलाबी दिसत न्हाई, गजरे."

आत दोघं बरोबरच गेले. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. तात्यांना वाचायला चष्मा हवा होता, गजराबाईंना मोतीबिंदूची जेमतेम सुरुवात होती. बाकी चारही डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. तात्यांना ते पटेना. त्यांनी घड्याळ काढून पुढे धरलं आणि दिवा घालवायला सांगितलं. अंधारात तिघं त्या घड्याळावर वाकले. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, मलाही दिसत नाही."

बाहेर येऊन तात्यांनी मंचरला भरतला फोन लावला. भरत त्यांचा पलटणीतला सोबती, त्यानेही तसलंच एक घड्याळ आणलं होतं. तो म्हणाला, तो वायू आपोआप सरत जातो. बाराएक वर्षांत निम्मा उजेड, पुढच्या तेवढ्याच वर्षांत त्याचाही निम्मा. त्याचं घड्याळ तर कधीच मालवलं होतं, सांगायचं राहून गेलं. ऐकता ऐकता गजराबाईंना हसू आवरेना. तात्या हसले, पण घड्याळाकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. घरातलं जुनं माणूस काही न बोलता थकत गेलं होतं आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तात्यांच्या फोनवरून गोरख मालाची खेप आटपून टेम्पो घेऊन आळेफाट्याला आला, तोवर दिवेलागण झाली होती. तात्यांनी त्याच्याकडून चावी घेतली, त्याला मागे हौद्यात बसवलं आणि गजराबाईंना पुढे. टेम्पोच्या उजेडात रस्त्याकडेच्या पाट्या येऊ लागल्या. कृषी सेवा केंद्र, गजराबाईंनी वाचलं. टायर पंक्चर, तात्यांनी वाचलं. बिबट्यापासून सावध राहा, दोघांनी एकदमच वाचलं. राजुरीपर्यंत त्यांनी एकही पाटी सोडली नाही.