मावशीची आरी

माय मरो पण मावशी जगो, ही म्हण ज्याने केली त्याने चपलांच्या कारखान्यातली ही मावशी पाहिली नसावी. बावीस बायकांवर ती मुकादम होती. तळाला सोल्युशन फासायचं, वरचा पट्टा दाबायचा, पुढचा जोड घ्यायचा. सोल्युशन झटपट वाळावं म्हणून त्यात हेक्झेन ओतलेलं असे, पेट्रोलसारखं उडून जाणारं. ओल्या तळावर धूळ बसू नये म्हणून मावशीने खिडक्या खिळे ठोकून बंद करून घेतल्या होत्या.

"वासाची सवय होते," ती म्हणे. होतही असे. आधी डोकं दुखायचं थांबे, मग पायांची बोटं कळेनाशी होत. कोणी रजा मागितली की मावशी खिशातून शिवणाची आरी काढून तिच्या पायाला टोची. बाई किंचाळली, तर "पाय शाबूत आहे, बस कामाला." नाही किंचाळली, तर "दुखतच नाही, मग रजा कशाला?" या परीक्षेत आजवर एकही बाई पास झाली नव्हती.

आपल्या सुनेलाही मावशीनेच तिथे चिकटवलं होतं. तिच्या हातून कप निसटायला लागले, जिना चढताना पाय अडखळायला लागले. एक दिवस ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणाले, या वाफेने नसा मरताहेत. आत्ता सोडलं तर पाय सावरतील, नाहीतर काठी लागेल. सोडा ना मला."

घरच्याच माणसाने चारचौघांत नाक कापलं म्हणून मावशीचं पित्त खवळलं. तिने आरी नेहमीपेक्षा खोल टोचली. सून गप्प. रक्त पाहून शेजारची बाई मात्र ओरडली.

"तू का गळा काढतेस? जिचा पाय आहे तिला काही नाही!"

बायका हसल्या. भिऊन हसल्या, पण हसल्या. सून आणखी चार महिने राबली. मग खरंच काठी आली, आणि मावशीने तिला घरी बसवलं. काठीवाली कारखान्याच्या काय कामाची?

एका संध्याकाळी मावशी घरी आली, हात धुतले, स्वयंपाकघरात फेरी मारली आणि कडाडली, "लादी कोणी बरबटवली गं? पाय धड नाही तर निदान डोळे तरी उघडे ठेव!"

"तुमचंच रक्त आहे, आई."

मावशीने वाकून पाहिलं. उजव्या टाचेत चपलेचा खिळा डोक्यापर्यंत रुतला होता. कारखान्यापासून घरापर्यंत ती त्याच्यावर टाच देत चालत आली होती. तिने खिळा बोटाने दाबून पाहिला. मग खाली बसत ती म्हणाली, "उद्या मी जात नाही. मला डॉक्टरकडे ने."

सून भिंत धरून उठली. तिने मावशीचा सकाळचा रिकामा डबा मोरीत घेतला आणि घासायला लागली.

"दुखतंय का?" तिने पाठमोरीच विचारलं.

हो म्हटलं तर काय आणि नाही म्हटलं तर काय, दोन्ही उत्तरं मावशीला पाठ होती.

"सांगा ना," सून म्हणाली, "उद्याचा डबा सात वाजता भरू ना?"