काळ्या रोटाची जन्मकथा

खान्देशातली एक प्राचीन परंपरा मी स्वतः, चुलीपुढे बसल्या बसल्या, अर्ध्या मिनिटात तयार केलेली आहे.

गर्वानं सांगत नाही. पकडली गेले म्हणून सांगते!

माझी नात सायली जळगावातच कॉलेजला आहे. आम्ही राहतो पिंप्राळ्याला. तिला प्रकल्प मिळाला, ‘खान्देशातल्या सणांच्या प्रथा’. सरांनी बजावून ठेवलेलं, इंटरनेटवरचं दिसलं की उचललं, असं चालणार नाही. प्रत्येक वेबसाइटला आधी विचारायचं : कोणी लिहिलं? त्याला कुठून कळलं? दुसरं कोणी स्वतःहून तसंच सांगतं का? आणि हे सांगण्यात त्याचा फायदा काय?

“अगं, स्थळ बघताना आम्ही हेच करायचो,” मी म्हटलं. “मध्यस्थाच्या बोलण्यावर विसंबलं की मुलगी गेलीच म्हणून समज! सरळ त्या गावात जायचं आणि शेजारणीला विचारायचं.”

“आजी, तू अगदी सरांसारखी बोलतेस!”

माझी छाती फुगली. (तेव्हाच आवरायला हवी होती.)

रविवारी संध्याकाळी पोरगी लॅपटॉप घेऊन नाचतच आली. “आजी, काळा रोट! आपल्या घरी करतात तोच! तीन-तीन वेबसाइटवर आहे! वर्गात कोणाकडेच हे नाही. उद्या सगळ्यांसमोर मी यावरच बोलणार!”

मी चहाचा कप खाली ठेवला.

आता मूळ प्रकार ऐका. माझं माहेर साक्रीकडचं, सासर शिंदखेड्याजवळ. लग्नानंतरचा पहिलाच श्रावण, घरात कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, बसलेली. कानबाईचे रोट म्हणजे गहू मोजून, दळून केलेल्या पुरणपोळ्या. त्या फक्त भाऊबंदांनी खायच्या आणि त्यातला कणही टाकायचा नाही. सासूबाईंनी मोठ्या विश्वासानं मला तव्याशी बसवलं. पण बाहेर अंगणात बायकांची फुगडी रंगलेली! माझा जीव राहीना. म्हटलं, रोट भाजेपर्यंत एकच फेरी घेऊ. एकीच्या झाल्या चार. परत येते तर पहिलाच रोट कोळसा! आणि दारात सासूबाई.

“हाई काय वं माय?”

माझ्या तोंडातून निघून गेलं, “आमच्याकडे पहिला रोट काळाच करतात. कानबाईला दृष्ट लागू नये म्हणून.”

सासूबाईंनी एकदा रोटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “असं शे का? मंग ठीक शे.” दुसऱ्याच्या माहेरच्या देवधर्माला नावं ठेवणारी बाई नव्हती ती.

मला वाटलं, सुटले! कुठली सुटतेय! पुढच्या वर्षी सासूबाईच म्हणाल्या, “पोरी, तुना काळा रोट राही गया!” तेव्हापासून दर श्रावणात मी तव्याजवळ उभी राहून एक चांगला रोट जाळतेय. सासूबाई होत्या, तोपर्यंत तो जळका रोट दरवर्षी स्वतःच्याच ताटात घ्यायच्या. वर पोरांना म्हणायच्या, “मले आवडस.” आज वाटतं, त्यांना सगळं कळलं असणार.

आणि आता वेबसाइटवर! पहिली म्हणत होती, प्रथा शेकडो वर्षांची. दुसरीनं राजेरजवाडे आणून बसवले. तिसरीनं तर शास्त्रीय कारणच दिलं, की जळलेल्या गव्हानं पोट साफ होतं. (आमच्या घरात कोणाचं झालेलं नाही.)

“तीन ठिकाणी आहे, म्हणजे खरंच असणार,” सायली म्हणाली. मग स्वतःच थबकली. “पण सर म्हणतात, तिघांनी एकमेकांचं पाहून लिहिलं असेल तर तो एकच झाला.”

धन्य ते सर! पोरीनं तासाभरात शोधून काढलं. तिसरीनं दुसरीचं उचललेलं, दुसरीनं पहिलीचं. आणि पहिलीच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, ‘माहिती : सुमनअक्का, शिंदखेडा.’

म्हणजे माझी धाकटी नणंद! सायलीनं लगेच फोन लावला, तोही स्पीकरवर.

“सुमनआजी, काळ्या रोटाचं तुला कोणी सांगितलं?”

“कोणी म्हणजे? तुन्या आजीनी! तिना माहेरनी रीत शे ती.”

सायली हळूच माझ्याकडे वळली. “आजी, तुला कोणी सांगितलं?”

क्षणभर वाटलं, ठोकून द्यावं ‘माझ्या आजीनं’. पण उद्या एवढ्या वर्गासमोर पोरीला उभं राहायचं होतं. मी फुगडीपासून कोळशापर्यंत सगळं ओकून टाकलं.

पोरगी आधी रडवेली झाली, मग पोट धरून हसली, आणि रात्री बसून सगळा प्रकल्प नव्यानं लिहून काढला : एक थाप तीन वेबसाइटवर कशी पोहोचते! सर खूश झाले. आजींना भेटायचंय, म्हणाले. मी गुडघेदुखी सांगितली.

त्या श्रावणात मी शिंदखेड्याला सगळ्यांसमोर कबुली दिली आणि एकूण एक रोट सोनेरी भाजले. सुमन कंबरेवर हात ठेवून उभी.

“वहिनी, काळा रोट कोठे शे?”

“अगं, सांगितलं ना, ती थाप होती! मीच मारलेली!”

“तुम्हले काय ठावं? बठ्ठं इंटरनेटवर लिखेल शे!” तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

मी एक रोट परत तव्यावर टाकला. काळा झाल्यावर सुमननं तो निरखून पाहिला आणि मान हलवली.

“अजून जळू द्या, वहिनी. फोटोमा यान्हापेक्षा काळा शे.”

मी गॅस मोठा केला.