नानांच्या फोल्डरातलं पहिलं पान

माझा हात माउसकडे गेला की ती दोन बोटांनी माझं मनगट अडवायची. "थांबा. पहिले आपण कुठं हाओ ते पाहा, मंग बटन दाबा."

मी हुद्द्यानं तिच्याहून वरचा. तरी निमूट हात मागे घ्यायचो. आमच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये तिच्या बोलण्याला ती किंमत होती. भिलाईच्या पोलाद प्लांटचं कुठलंही जुनं ड्रॉइंग हवं असलं की साहेब लोक माझ्या टेबलाला वळसा घालून तिच्याकडे जायचे. ती उठायची, तिसऱ्या कपाटाच्या पाचव्या खणातून गुंडाळी काढायची आणि धूळ झटकत विचारायची, "परत कवा देता?"

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आम्ही तिला दीदी म्हणायचो. हजेरीपटावर तिच्या नावापुढे आडनाव नव्हतं, नुसतं 'बाई' होतं. छत्तीसगढी बायकांची नावं अशीच लिहिलेली असतात, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. रोज नंदिनी नगरहून स्कूटीवर यायची. लग्न केलं नव्हतं. आणि मराठी मात्र अस्सल बोलायची, थेट आमच्या भंडाऱ्याकडची. "कुठं शिकल्या?" असं विचारलं तर म्हणायची, "शेजारी होते." एकच गंमत होती. ती 'मी आलो', 'मी जातो', 'मी करून राहिलो' असं पुरुषासारखं बोलायची. छत्तीसगढीत क्रियापदाला बाई-पुरुष असा भेद नसतो, त्यातून ही खोड लागली असेल असं आम्ही धरून चाललो आणि चहाच्या वेळी तिची नक्कल करून हसलो. तीही हसायची.

भिलाईतच रिसालीला आमचं एक छोटं मराठी वाचनालय आहे. दोन खोल्या, सात कपाटं आणि एक पंखा. ते नानांनी काढलं. नाना म्हणजे प्लांटच्या सुरुवातीच्या काळात भंडाऱ्याकडून आलेले फोरमन. शेतकऱ्याचा मुलगा, पण पुस्तकांचं वेड. वाचनालयाची वेबसाइट करायची ठरली तेव्हा मीच दीदीला बोलावलं. मराठी टायपिंग येणारं आणि रविवार मोकळा असणारं माणूस मला दुसरं माहीत नव्हतं.

तिनं जी पद्धत निवडली तिच्यात डेटाबेस नावाची भानगड नव्हती. प्रत्येक पान म्हणजे एक फोल्डर आणि त्यात एक साधी मजकुराची फाईल. फोल्डरात फोल्डर ठेवला की पानाखाली पान तयार. मला समजावताना ती म्हणाली, "आपलं रेकॉर्ड रूमच हाये हे. कपाट, कपाटात खण, खणात फाईल. फोल्डरच्या नावाआधी आकडा लावला तर पान मेनूत दिसते, आकड्याच्या नंबरानं. आकडा नाही लावला तर पान राहते, पण मेनूत दिसत नाही."

"मग पाहायचं कसं?"

"ज्याले पत्ता माहीत हाये तो पाहते."

मी मान डोलावली. मला त्यातलं अर्धंच कळलं होतं. पहिल्याच महिन्यात मी 'बालविभाग' उचलून चुकून 'श्रद्धांजली'च्या आत टाकला. शेजारच्या रुआबांधा वस्तीतल्या तीन आयांचे फोन आले, आमच्या लेकरांचे फोटो तिथे काय करताहेत म्हणून. दीदीनं येऊन ते दोन मिनिटांत जागेवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "पोरं जिवंत हायेत भाऊ."

त्या दिवसांत नाना हयात होते. रविवारी येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि जुन्या आठवणी सांगायचे, ती टाइप करायची. दोघं फार बोलायचे नाहीत. नाना संत्रं सोलायचे, अर्ध्या फोडी स्वतः खायचे, अर्ध्या कीबोर्डशेजारी ठेवायचे. कोणी आत आलं की उठून कपाटाकडे जायचे. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडत होतं. आपण पाहतो म्हणजे आपल्याला दिसतं असं तुम्हालाही वाटत असेल. मलाही वाटायचं.

नाना गेले त्या दुपारी मी घाटावरून परतताना वाचनालयाचं दार उघडं दिसलं. आत दीदी एकटी बसली होती. नानांचं पान, त्याखाली भाषणं, त्याखाली पत्रं, त्याखाली कुटुंब, असं एकेक पान उघडून 'नाना आहेत' तिथे 'नाना होते' करत होती. मी म्हटलं, "अहो, आजच कशाला?"

"आजच खोटं झालं ना ते," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी घाटावरून आले. घरी जा, आंघोळ करा."

मी घरी गेलो.

वाचनालयाला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी आम्ही मोठा कार्यक्रम केला. हॉल घेतला, पडदा लावला. नानांचा मुलगा प्रकाशभाऊ आता अध्यक्ष होता. पहिल्या रांगेत नानांच्या पत्नी, आमच्या काकू, पांढऱ्या लुगड्यात बसल्या होत्या. साइट दाखवायचं काम दीदीचं होतं, पण तिनं सकाळीच सांगितलं, "आज तुमी चालवा. मी खाली बसून पाहतो." मला नवल वाटलं, थोडा अभिमानही वाटला.

प्रकाशभाऊ माइकवर बोलत होता आणि मी क्लिक करत होतो. संस्थापक. नाना. मग तो म्हणाला, "आणि हे नानांचं कुटुंब," आणि मी मेनू उघडला.

मेनूत तीन नावं असायची. प्रकाशभाऊ, त्याचा भाऊ, त्याची बहीण. त्या दिवशी चार होती. सगळ्यात वर, प्रकाशभाऊच्याही वर, दीदीचं नाव होतं. पुढे नानांचं नाव. पुढे नानांचं आडनाव.

मला आधी वाटलं, माझ्याच हातून पुन्हा काहीतरी भलतीकडे पडलं. घाबरून मी त्या नावावर क्लिक केलं, तर पानच उघडलं. त्यात एक फोटो होता. तरुण नाना सायकल धरून उभे, दांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी. मागे नंदिनीची चुनखडीची खाण. खाली एकच ओळ : 'जन्म नंदिनी. नानांची थोरली मुलगी.'

तो चेहरा, ते कपाळ! नाना होते तोवर दर रविवारी मी दोघांना शेजारी शेजारी पाहत होतो.

हॉलमध्ये एकदम सगळे बोलायला लागले. प्रकाशभाऊ माइक सोडून माझ्याकडे धावत आला. "काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!" त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आत शिरलो, फोल्डर निवडला आणि डिलीट दाबलं. माझं मनगट अडवायला शेजारी कोणी नव्हतं.

मी तिचा फोल्डर निवडलाच नव्हता. मी एक पायरी वर होतो. नानांचा अख्खा फोल्डर गेला, आणि आतलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. भाषणं, पत्रं, फोटो, चारही मुलं, नातवंडं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं : 'पान सापडले नाही.'

प्रकाशभाऊ मटकन खुर्चीत बसला. तेवढ्यात मागून दीदी चालत आली. लोक बाजूला झाले. तिनं लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कचेरीत बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "घाबरू नका. माह्या घरी कॉपी हाये. उद्या टाकून देतो."

आणि ती दारातून बाहेर गेली. कोणी तिला थांबवलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात पोचलो तर ती येऊन बसलेली. साइट उभी होती. नाना होते, भाषणं होती, पत्रांचा क्रमसुद्धा तसाच. मी कुटुंबाचा मेनू उघडला. एक, प्रकाशभाऊ. दोन. तीन. एवढंच.

"तुमचं पान?" माझ्या तोंडून निघालं.

"नाही टाकलं."

"आकडा काढून ठेवलं का? मेनूत नसलं तरी..."

"नाही भाऊ. मिटवलं. घरच्या कॉपीतूनबी." ती पिशवी आवरत होती. "नवीन नव्हतं बनवलं मी. साइट बनली त्या दिवशी पहिलं पान तेच बनलं होतं. नानाइनंच फोटो आणून देल्ता, म्हणले बनव, पण दाखवू नको. नऊ वर्सं तिथंच होतं. काल फक्त आकडा लावला."

म्हणजे नानांना माहीत होतं. दर रविवारी संत्रं सोलताना त्यांना माहीत होतं की इथे, या यंत्रात, ते पान आहे.

"कावून लावला?" मी विचारलं. का कोण जाणे, मीही घरच्या बोलीत शिरलो.

ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "पाहायचं होतं, कसं दिसते ते. साऱ्या लोकायच्या समोर, ओळीनं. एकदा." मग म्हणाली, "पाहिलं."

"दीदी, माझ्यामुळे..."

"तुमी एक घर वर होते," ती म्हणाली आणि चक्क हसली. "तुमाले कितीदा सांगतलं!"

एका कागदावर पासवर्ड आणि महिन्याची कामं लिहून तिनं माझ्यापुढे ठेवली. अक्षर नेहमीसारखं सुबक. त्यानंतर ती आली नाही. निवृत्ती जवळ होती, तिनं उरलेली रजा टाकली. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ती साइटबद्दलच बोलली. तिसऱ्यांदा फोन करायचा राहून गेला. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती.

चार-पाच महिन्यांनी एका पानाचं काम अडलं, त्याचं निमित्त करून मी नंदिनीला गेलो. खाणीच्या बाजूला तिचं दोन खोल्यांचं घर होतं. दाराला कुलूप, स्कूटी बाहेर, सीटवर पांढरी धूळ. शेजारची बाई सूप घेऊन बाहेर आली. "दीदी?" ती म्हणाली. "दीदी तो गुजर गे भैया. पंद्रा दिन होगे." झोपेतच गेली म्हणे. शेजाऱ्यांनीच सगळं केलं. रिसालीत कुणाला कळवायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

मी परतलो तो कसा परतलो, आठवत नाही.

बातमी रिसालीत मीच सांगितली. दोन दिवसांनी काकूंचा निरोप आला, लॅपटॉप घेऊन ये म्हणून. मी घाबरतच गेलो. काकू पलंगावर बसल्या होत्या. ऐंशीला टेकलेल्या, पण ताठ. प्रकाशभाऊ दारात उभा होता.

"तिचं पान बनव," काकू म्हणाल्या.

"आई, लोक काय म्हणतील?" प्रकाशभाऊ पुटपुटला.

"लोकायनं पाहिलं आता. तू बी पाहिलं. राहिलं काय?"

मी फोल्डर तयार केला. नानांच्या आत, कुटुंबाच्या आत. तिचं नाव लिहिलं, जन्म नंदिनी लिहिलं. फोटो कुठेच उरला नव्हता. मग माझी बोटं थांबली. अठरा वर्षं एका खोलीत काम केलं, नऊ वर्षं रविवार एकत्र काढले, आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं. मी काकूंना म्हटलं, "काकू, तिच्या आईचं नाव कोणालाच माहीत नाही. ती ओळ रिकामी सोडतो."

काकूंनी हात वर करून मला थांबवलं.

"मी नवी नवरी होती," त्या म्हणाल्या. "आठ दिवस झाल्ते भिलाईत येऊन. दुपारी एक बाई दारात आली, पोरगी कडेवर घेऊन. खाणीतली बाई, पायभर पांढरी धूळ. नाना हायेत का, म्हने. मी म्हटलं ड्युटीवर हायेत. मंग मी त्या पोरीचं तोंड पाहिलं. मी तिले पानी नाही विचारलं. नाव विचारलं. तिनं सांगतलं. मंग मी दार लावलं."

प्रकाशभाऊ दारातून आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. आईनं हे त्याला कधीच सांगितलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सुकवारा," काकू म्हणाल्या. "लिही."

मी लिहिलं. अक्षरं मोठी करून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि ओठ हलवत ते नाव वाचलं. मग चष्मा काढून लुगड्याच्या पदरानं पुसत राहिल्या, पुसत राहिल्या.